कागद कोणाच्या हाती?
परदेशी कामासाठी निघालेल्या आपल्या लेकींचा इतिहास

गेल्या पावसाळ्यातील एका रविवारी मराठी मिस्सा आटोपल्यावर एक माता आपल्या मुलीसह धर्मग्रामाच्या कार्यालयात आली. कुटुंब मूळचे जालना जिल्ह्यातले. सिडकोने खाडीपलीकडे नवे शहर वसवायला घेतले तेव्हा मुलीचे आजोबा बांधकामावर मजूर म्हणून इकडे आले आणि इथलेच झाले. नात आता शिकून परिचारिका झाली आहे. तिला परदेशातील एका रुग्णालयात जागा मिळण्याची शक्यता निर्माण झाली होती. त्यासाठी स्नानसंस्काराचा दाखला आणि चारित्र्याचा दाखला अशी दोन पत्रे हवी होती. मुलगी शांत होती. आई मात्र पदराशी चाळा करीत म्हणाली, "फादर, पोरीला पाठवावी का नाही, तुम्हीच सांगा. आमच्या घरातली बाई आजवर समुद्रापलीकडं गेली नाही."

चारित्र्याच्या दाखल्याचा मजकूर आम्हा धर्मगुरूंना तोंडपाठ असतो. सदर मुलगी सुशील, आज्ञाधारक व धार्मिक वृत्तीची असून, वगैरे. मी लेखणी उचलली, पण 'आज्ञाधारक' या शब्दापाशी ती अडखळली. सुमारे वीस वर्षांपूर्वी दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना मी अशाच एका स्त्रीला हाच दाखला दिला होता. ती एका दलालामार्फत आखाती देशात घरकामासाठी गेली. विमानतळावर उतरताच मालकाच्या माणसाने तिचे पारपत्र काढून घेतले. ठरलेला पगार मिळाला नाही, परतण्याची वाट सापडली नाही. वर्षभराने ती कशीबशी घरी पोहोचली, तेव्हा तिने मला दोष दिला नाही. ती एवढेच म्हणाली, "फादर, तुम्ही दिलेला कागदसुद्धा बाईच्या कपाटात कुलपात होता."

ते वाक्य माझ्या मनातून गेलेले नाही. परदेशी कामासाठी स्त्रियांची निवड कोण करते, कोणत्या कसोटीवर करते, आणि त्या निवडीचे कागद शेवटी कोणाच्या हाती राहतात, या प्रश्नांनी मला इतिहासाची पाने चाळायला लावली. त्यातून जे हाती लागले ते आपल्या वाचकांपुढे ठेवतो.

गिरमिट आणि शंभरामागे चाळीस

मराठीत गिरमिट म्हणजे लाकडाला भोक पाडण्याचे हत्यार. परंतु मॉरिशस, फिजी, नाताळ येथे गेलेल्या आपल्या लोकांच्या तोंडी हा शब्द निराळ्याच अर्थाने रुळला. 'अ‍ॅग्रीमेंट' या इंग्रजी शब्दाचा तो अपभ्रंश. गुलामगिरी कायद्याने बंद झाल्यावर उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते आणि ते हिंदुस्थानातून करारावर नेले जाऊ लागले. 2 नोव्हेंबर 1834 रोजी 'अ‍ॅटलस' या जहाजातून 36 मजूर मॉरिशसला उतरले, तेथून या इतिहासाची सुरुवात मानली जाते. पुढे कलकत्ता आणि मद्रासप्रमाणे मुंबई बंदरातूनही माणसे गेली. त्यांत रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा, कोल्हापूर या भागांतील मराठी कुटुंबे होती. त्यांचे वंशज आजही मॉरिशसमध्ये मराठी नावे जपून आहेत.

आरंभीच्या वर्षांत स्त्रिया फारच थोड्या नेल्या गेल्या. मळेवाल्यांना ऊस तोडणारे हात हवे होते. संसार, मुलेबाळे, बाळंतपणे त्यांना परवडणारी नव्हती. या पद्धतीतील जुलूम उघडकीस आल्यावर 1839 मध्ये ती बंद करण्यात आली व 1842 मध्ये सरकारी देखरेखीखाली मॉरिशसकरिता पुन्हा सुरू झाली. पुरुषांच्याच वस्त्या उभ्या राहिल्याने मारामाऱ्या आणि खून वाढू लागले, तेव्हा सरकारने स्त्रियांचे प्रमाण ठरवून दिले. पुष्कळ चढउतारांनंतर उसाच्या वसाहतींसाठी शंभर पुरुषांमागे चाळीस स्त्रिया हे प्रमाण रूढ झाले.

या 'चाळीस' आकड्याकडे जरा थांबून पाहण्यासारखे आहे. तो स्त्रियांच्या मागणीवरून ठरला नव्हता. पुरुष शांत राहावेत, मळा सुरळीत चालावा, यासाठी किती स्त्रिया लागतील, याचा तो हिशेब होता. जहाज सुटायच्या आधी चाळीस भरले नाहीत तर जहाज खोळंबे. त्यामुळे स्त्री आणून देणाऱ्या भरती-दलालाला पुरुषापेक्षा जास्त दलाली मिळे. यात्रेच्या ठिकाणी, दुष्काळी गावांच्या रस्त्यांवर, घरातून हाकललेल्या विधवांच्या आसपास हे दलाल घुटमळत, ते याच कारणाने.

मॉरिशसला गेलेल्या बहुसंख्य स्त्रियांची नोंद स्वतंत्र मजूर म्हणून न होता कोणाची तरी पत्नी म्हणून झाली. त्यांच्या नावाचा वेगळा करारच नसे. फिजीत गेलेल्या स्त्रियांचा करार त्यांच्या नावाने होता, पण त्यात दिवसाच्या पूर्ण कामाला पुरुषाला बारा पेन्स आणि स्त्रीला नऊ पेन्स असा दर छापलेलाच होता. एकीकडे कागद नाही, दुसरीकडे कागदावरच कमीपणा. बंदरावर वैद्यकीय तपासणी होई आणि 'संरक्षक' हा हुद्दा असलेला सरकारी अधिकारी प्रत्येकीला विचारी की तू स्वखुशीने जातेस ना. अंगठ्याचा ठसा घेतला की काम संपले.

पुढे ज्यांनी भारतातील भाषांची पाहणी करून नाव मिळवले, ते जॉर्ज ग्रिअर्सन बिहारमध्ये सरकारी अधिकारी असताना त्यांनी 1883 मध्ये या स्थलांतराविषयी एक अहवाल सादर केला. परदेशी निघालेल्या स्त्रियांचे त्यांनी चार वर्ग केले होते: मजुरांच्या बायका, निराधार विधवा, नवऱ्याचे घर सोडलेल्या आणि वेश्या. चारही वर्ग स्त्रीचे पुरुषाशी नाते काय यावरून पाडलेले आहेत. कोणाला शेतीची कामे येतात, कोणी सुईण आहे, याची वर्गवारी नाही. तथापि ग्रिअर्सन यांना न्याय द्यायचा तर हेही सांगितले पाहिजे, की गावात ज्यांना जगणे अशक्य झाले होते अशा स्त्रियांना समुद्रापलीकडे नवे आयुष्य मिळू शकते, हे त्यांनी ओळखले होते.

ही पद्धत बंद व्हावी म्हणून कायदेमंडळात प्रथम ठामपणे उभे राहिले ते आपले नामदार गोपाळ कृष्ण गोखले. 4 मार्च 1912 रोजी त्यांनी करारबद्ध मजुरी बंद करण्याचा ठराव मांडला. बाजूने 22 आणि विरुद्ध 33 मते पडून तो फेटाळला गेला. शंभरामागे चाळीस या नियमामुळे स्त्रियांच्या वाट्याला काय येते, यावरही त्यांनी बोट ठेवले होते. पुढील पाच वर्षांत चळवळ देशभर पसरली. 1917 मध्ये स्त्रियांचे एक शिष्टमंडळ व्हाइसरॉयला भेटले आणि त्याच वर्षी भरती थांबली. या चळवळीतला सर्वांत प्रभावी मुद्दा भारतीय स्त्रीच्या अब्रूचा ठरला. तो खरा होता. परंतु मळ्यावरच्या स्त्रीला नऊ पेन्सच का, हा प्रश्न सभांमध्ये फारसा घुमला नाही. पुढे शंभर वर्षे स्त्रियांच्या परदेशगमनाचे कायदे करताना अब्रू पुढे आणि मजुरी मागे, असाच क्रम राहिला.

आया आणि परतीचे तिकीट

याच काळात दुसऱ्या एका वाटेने आपल्या देशातील स्त्रिया विलायतेस जात होत्या. इंग्रज कुटुंबे मायदेशी निघाली की बोटीवर मुले सांभाळण्यासाठी आया सोबत घेत. 'आया' हा शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला. समुद्र लागत नसलेली, मुलांना रमवणारी, मडमेची सेवा करणारी अनुभवी आया मिळणे ही मोठी सोय समजली जाई. निवड होई ती जुन्या मालकिणींच्या शिफारसपत्रांवरून. काही आयांनी असे पुष्कळ प्रवास केले आणि त्यांना मागणीही चांगली असे.

अडचण उभी राही ती बोट लंडनला लागल्यावर. मुले घरी पोहोचली, काम संपले. काही कुटुंबे आयेला परतीचे भाडे देत, तर काही तिला तशीच सोडून देत. थंडीत, भाषा न येणाऱ्या शहरात रस्त्यावर आलेल्या या स्त्रियांसाठी लंडनमध्ये 'आयांचे घर' सुरू झाले. 1900 साली ते हॅकनी भागातील किंग एडवर्ड्स रोडवर आले आणि लंडन सिटी मिशन ही धर्मसंस्था ते चालवू लागली. वर्षाला शंभराच्या आसपास स्त्रिया तेथे आसरा घेत. त्या वास्तूवर 2022 मध्ये स्मरणफलक लावण्यात आला.

या घराची कामाची रीत मोठी बोलकी आहे. आयेला आणणारे कुटुंब तिचे परतीचे तिकीट घराच्या व्यवस्थापिकेच्या स्वाधीन करी. हिंदुस्थानला निघालेल्या दुसऱ्या एखाद्या कुटुंबाला प्रवासात आया हवी असली की व्यवस्थापिका ते तिकीट त्या कुटुंबाला विकत देई आणि त्याबरोबर आया त्या कुटुंबाच्या चाकरीत परत जाई. त्या पैशातून तोवरचा तिचा राहण्याजेवण्याचा खर्च भागे. व्यवस्था दयेतून निर्माण झाली होती आणि तिने अनेकींना उपासमारीतून वाचवले, यात शंका नाही. पण तिकीट आयेचे, प्रवास आयेचा, आणि सौदा मात्र दोन मालकिणी व एक व्यवस्थापिका यांच्यात. घरी केव्हा जायचे हे ठरवणारा कागद तिच्या हाती कधीच आला नाही.

रमाबाईंचा करार

या पार्श्वभूमीवर पंडिता रमाबाईंचे 1883 चे विलायतगमन पाहिले की मन थक्क होते. त्यांचे पती बिपिन बिहारी मेधावी 1882 मध्ये निवर्तले होते आणि पदरी लहानगी मनोरमा होती. वैद्यकीचे शिक्षण घ्यावे असा त्यांचा मानस होता. प्रवासाच्या खर्चासाठी त्यांनी कोणापुढे हात पसरला नाही. 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक 1882 मध्ये प्रसिद्ध झाले होते, त्याच्या विक्रीचा पैसा त्यांनी वापरला. वाँटेज येथील अँग्लिकन धर्मभगिनींकडे राहायचे ठरले, तेव्हा त्याच्या मोबदल्यात हिंदुस्थानात सेवेला येणाऱ्या भगिनींना आपण मराठी शिकवू, असे रमाबाईंनी ठरवून घेतले. आश्रय घेणारी स्त्री म्हणून न जाता शिक्षिका म्हणून जाण्याची ही व्यवस्था होती. आपल्या कामाच्या अटी स्वतः ठरवून परदेशी गेलेली मराठी स्त्री म्हणून त्यांच्याकडे पाहता येते.

वाट तरीही सोपी नव्हती. त्यांच्या सोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांचा वाँटेज येथे करुण अंत झाला. रमाबाईंना ऐकू कमी येऊ लागल्याने वैद्यकीचा विचार सोडावा लागला. 29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे चेल्टनहॅम येथील महिला महाविद्यालयात त्या शिकू व शिकवू लागल्या. तेथील मुख्याध्यापिका डोरोथिया बील यांच्या मनात त्यांना अध्यापनाचे अधिक काम द्यावे असे होते. शिष्यांत तरुण पुरुषही असतील असा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा मुंबई व लाहोर येथील अँग्लिकन बिशपांनी हरकत घेतली. पुरुषांना शिकवले हे हिंदुस्थानात कळले तर या बाईचा तेथील प्रभाव नष्ट होईल, अशी त्यांची भीती.

हा सारा पत्रव्यवहार वडीलधाऱ्यांच्या पातळीवर चालला होता. रमाबाईंना ते कळले तेव्हा त्यांनी स्वतः लेखणी हाती घेतली. माझ्या आईने किंवा मी तरुणांना शिकवण्याला माझ्या वडिलांनी वा पतीने कधी विरोध केला नाही, आणि आता काही इंग्रज लोक मात्र तो करीत आहेत याचे मला नवल वाटते, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. ज्यांच्या भावना दुखावतील म्हणून निवड अडवली जात होती, त्याच समाजात ही स्त्री विद्वत्सभा गाजवून आली होती. तिला एका शब्दाने विचारले असते तरी पुरे होते. 1889 मध्ये अमेरिकेहून परतून त्यांनी मुंबईत शारदासदन उघडले, ते स्वतः जमवलेल्या पाठबळावर.

नाशिकला ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांची कथा थोडक्यात सांगतो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून त्या पदवी परीक्षेत अव्वल आल्या. त्या गुणांवर इंग्लंडला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती मिळायला हवी होती, ती केवळ स्त्री म्हणून नाकारण्यात आली. हितचिंतकांनी वर्गणी गोळा केल्यावर 1889 मध्ये त्या ऑक्सफर्डला पोहोचल्या आणि 1892 मध्ये कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाल्या. प्रत्यक्ष पदवी हाती पडायला मात्र 1922 साल उजाडले. येथे तर कागद तीस वर्षे अडकून पडला होता.

स्वतंत्र भारतात

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटेल असे वाटले होते. चोनिरा मुथम्मा या 1949 मध्ये भारतीय परराष्ट्र सेवेत निवडीने दाखल झालेल्या पहिल्या स्त्री. लग्न केल्यास राजीनामा देईन, असे त्यांच्याकडून लिहून घेण्यात आले. विवाहापूर्वी सरकारची परवानगी घेण्याचा नियम फक्त स्त्रियांना होता. तीस वर्षांनी, 1979 मध्ये, त्यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी या नियमांतील पक्षपातावर कठोर ताशेरे ओढले. तोवर मुथम्मा हंगेरीत राजदूत म्हणून काम करून आलेल्या होत्या. म्हणजे काम करता येईल का, हा प्रश्न कधीच निकालात निघाला होता.

आपल्या मुंबईतील एअर इंडियाच्या हवाई सुंदरींची गोष्ट अनेक ख्रिस्ती कुटुंबांना ठाऊक असेल. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केले, किंवा पहिल्यांदा दिवस गेले, किंवा वयाची पस्तिशी गाठली, की सेवा संपे. 1981 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भारपणाचा नियम रद्द ठरवला, पण चार वर्षे लग्न न करण्याची अट तशीच ठेवली.

आता आपल्या घरात डोकावून पाहणे भाग आहे. 1960 च्या दशकात पश्चिम जर्मनीतील रुग्णालयांना व मठांना मनुष्यबळ कमी पडू लागले, तेव्हा केरळातील कॅथलिक मुली चर्चच्या ओळखीतून तेथे पाठवल्या गेल्या. कोणाला पाठवायचे हे ठरवण्यात धर्मगुरूंचा शब्द मोलाचा असे. यांतील शेकडो जणी उत्तम परिचारिका झाल्या, त्यांनी मागे भावंडांची शिक्षणे केली, घरे बांधली. परंतु युरोपातील मठांत पाठवलेल्या काही मुलींची पुरेशी माहिती न देता, पैशांच्या देवघेवीतून भरती होते, असा आरोप 1970 मध्ये लंडनच्या एका वृत्तपत्राने केला. मोठी खळबळ माजली आणि ती भरती थांबवण्यात आली. आपण धर्मगुरूंनी हे प्रकरण विसरू नये. सद्भावनेने केलेली निवडही, जिची निवड झाली तिला सर्व माहिती नसेल, तर तिच्यावर अन्याय करू शकते.

आखाताची वाट

1970 च्या दशकात तेलाच्या किमती वाढल्या आणि आखाती देशांची दारे उघडली. 1983 च्या परदेशगमन कायद्याने भरती करणाऱ्या एजंटांना नोंदणी सक्तीची केली. पुढे दहावी न झालेल्या कामगारांना ठरावीक अठरा देशांत जाण्यासाठी मंजुरी घेण्याची पद्धत रूढ झाली. ही मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याच्या इंग्रजी हुद्द्याचा अर्थ 'संरक्षक' असाच होतो. हा शब्द गिरमिटियांच्या बंदरावरून थेट आपल्या काळात चालत आला आहे.

स्त्रियांसाठी आणखी एक नियम आला. तीस वर्षांखालील, दहावी न झालेल्या स्त्रीला या देशांत कामासाठी मंजुरी नाही. पुढे मालकाने अडीच हजार डॉलरची बँक हमी ठेवावी आणि भरती सरकारी संस्थांमार्फत व्हावी, अशी बंधनेही घालण्यात आली. 2014 मध्ये इराकमधील तिक्रितमध्ये अडकलेल्या 46 भारतीय परिचारिका सुखरूप परतल्या. 2015 पासून अठरा देशांत जाणाऱ्या परिचारिकांची भरतीही सरकारी संस्थांकडे सोपवण्यात आली.

या नियमांमागचा हेतू मी नाकारत नाही. दलालांनी आमच्या मुलींची कशी फसवणूक केली, ते मी पाहिले आहे. पण तिशीच्या नियमाचा परिणाम काय झाला? पंचविशीतली गरजू स्त्री घरी थांबली नाही. ती भेटीच्या व्हिसावर, दुसऱ्या विमानतळावरून, कधी शेजारच्या देशातून गेली, आणि तिच्या जाण्याची नोंदच कोठे राहिली नाही. नोंद नसलेल्या स्त्रीला वकिलातीतही पटकन कोणी शोधू शकत नाही. शिवाय आखातात व्हिसा मालकाच्या नावाशी बांधलेला. पारपत्र काढून घेण्यास तेथील अनेक देशांच्या कायद्यांत मनाई असली, तरी बंद दाराआड तो कायदा पोहोचणे कठीण. वीस वर्षांपूर्वीच्या त्या स्त्रीचे कपाट येथे मला पुन्हा आठवते.

सुशिक्षित मुलींची अडचण वेगळ्या रंगाची आहे. ऐरोली-महापे परिसरातल्या संगणक कंपन्यांत आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी मुली काम करतात. परदेशातील कामावर पाठवायची वेळ आली की वरिष्ठ परस्परच ठरवतात, हिचे नुकतेच लग्न झाले आहे, हिचे मूल लहान आहे, ही काही जाणार नाही. नॅन्सी अ‍ॅडलर या विदुषीने 1980 च्या दशकात व्यवस्थापन शिकलेल्या हजाराहून अधिक तरुण-तरुणींचा अभ्यास केला होता. परदेशी कामाची इच्छा दोघांत सारखीच आढळली. स्त्रियांना जायचेच नसते, ही समजूत निवड करणाऱ्यांच्या डोक्यात होती. परदेशांत गेलेल्या स्त्रियांना स्थानिक लोक आधी परकीय पाहुणी म्हणून वागवतात, असेही त्यांना दिसले. बिशपांच्या पत्रांनंतर शंभर वर्षांनी चूक तीच होती: तिच्या वतीने ठरवले गेले, तिला विचारले गेले नाही.

फिबीचे पत्र

2011 मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांसाठी एक करार संमत केला. देश सोडण्यापूर्वी लेखी करार मिळावा आणि प्रवासाची व ओळखीची कागदपत्रे कामगाराच्या स्वतःच्या ताब्यात राहावीत, हे त्यात स्पष्ट म्हटले आहे. भारताने त्याच्या बाजूने मत दिले, मात्र त्याला मान्यता अद्याप दिलेली नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1981 च्या श्रमविषयक परिपत्रकात सांगितले होते की स्थलांतरित कामगार परका आहे म्हणून त्याचे हक्क उणे होता कामा नयेत.

हे सारे वाचता वाचता मला संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा सोळावा अध्याय आठवला. त्याच्या आरंभी किंख्रियाच्या ख्रिस्तसभेतील फिबी या भगिनीची शिफारस आहे. ती समुद्र ओलांडून रोमला निघाली होती. पौल तिच्या पतीचे नाव सांगत नाही, वय सांगत नाही, आज्ञाधारक आहे असेही म्हणत नाही. ती ख्रिस्तसभेची सेविका आहे, तिने पुष्कळांना आणि स्वतः पौलालाही साहाय्य केले आहे, तेव्हा तिला ज्या कामात तुमची गरज लागेल त्यात मदत करा, एवढेच तो लिहितो. आणि परंपरा असे मानते की ते पत्र रोमला फिबीनेच नेले. म्हणजे तिची ओळख सांगणारा कागद तिच्याच हातात होता.

माझ्या टेबलावरचा जुना छापील मजकूर मी त्या दिवशी बाजूला ठेवला. या मुलीने कोठे शिक्षण घेतले, करोनाच्या साथीत रुग्णालयात किती रात्री काढल्या, आमच्या धर्मग्रामातील वृद्धांची शुश्रूषा कशी केली, ते लिहिले. शेवटी तिला ज्या कामात मदत लागेल त्यात ती मिळावी, अशी विनंती केली.

आईच्या प्रश्नाचे उत्तर मी दिले नाही. मुलीला म्हटले, "बाळ, तुला जायचे आहे का?" ती म्हणाली, "हो फादर. पण सगळं समजून." मग आम्ही तिघांनी बसून यादी केली. एजंटाची नोंदणी सरकारी संकेतस्थळावर तपासणे. करार तिला वाचता येईल अशा भाषेत मिळवणे, त्यात पगार, कामाचे तास, सुटी आणि परतीचे भाडे लिहिलेले असणे. पारपत्र, व्हिसा व करार यांच्या प्रती आईकडे, माझ्याकडे आणि तिच्या फोनमध्ये ठेवणे. वकिलातीचा दूरध्वनी क्रमांक तोंडपाठ करणे. तक्रारीसाठी 2015 पासून सुरू असलेल्या सरकारच्या 'मदद' सेवेची माहिती घेणे. आणि दर रविवारी, मराठी मिस्सा संपण्याच्या वेळेला, घरी फोन करणे.

उलव्याजवळच्या नव्या विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर 2025 मध्ये झाल्याचे आपण सर्वांनी पाहिले. आपल्या खिडक्यांवरून आता विमाने जातील आणि त्यांतून आपल्या लेकी जातील. त्यांना अडवणे आपल्या हाती नाही आणि अडवूही नये. जायचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. आपल्या हाती आहे ते एवढेच, की धर्मग्रामातून निघणारी प्रत्येक स्त्री स्वतःचा करार स्वतः वाचून, स्वतःचा कागद स्वतःच्या पिशवीत घालून निघेल, हे पाहणे.

कार्यालयातून निघताना आईने दाखला हात पुढे करून घेतला आणि सवयीने आपल्या पिशवीत ठेवू लागली. मग क्षणभर थांबून तिने तो मुलीच्या हाती दिला.